ताशी आठ किलोमीटर

नकाशातली सुट्टी

बालमित्रांनो, नकाशाची वही घेतलीत का? या आठवड्यात युरोपचं पान उघडा आणि फ्रान्सच्या दक्षिणेला तुलूझ हे शहर शोधा. सापडलं? आता तिथून बोट हळूहळू उजवीकडे सरकवा. कार्कासोन, बेझिए ही गावं लागतील आणि मग भूमध्य समुद्र. नकाशा मोठा असेल, तर या वाटेवर एक बारीक निळी रेघ दिसेल. ती नदी नाही बरं का! तो माणसांनी खोदलेला कालवा आहे. त्याचं नाव कनाल द्यु मिदी, म्हणजे दक्षिणेचा कालवा. लांबी २४० किलोमीटर.

या सुट्टीत आपण सहा मित्रमैत्रिणी या कालव्यावर फिरायला निघालो आहोत असं समजा. सोबत दोन मोठी माणसं हवीतच. वाहन कोणतं? नाव! इथे लहानशा घरासारख्या नावा भाड्याने मिळतात. आत झोपायला जागा, छोटं स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वर टपावर सायकली. नाव चालवायला परवाना लागत नाही. भाड्याने देणारे लोक थोडा वेळ शिकवतात आणि सुकाणू मोठ्यांच्या हाती देतात. वेगाची मर्यादा मात्र कडक आहे, ताशी फक्त ८ किलोमीटर. काठाने कुणी सायकलवर निघालं, तर ते आपल्या पुढे जाणार. जाऊ द्या! आपल्याला कुठे शाळेची घंटा गाठायची आहे?

थांबा, आधी एक गणित. २४० किलोमीटर, ताशी ८ किलोमीटर, म्हणजे ३० तास. पण वाटेत ६३ लॉक आहेत. एकेका लॉकला २० मिनिटं धरली, तर १२६० मिनिटं, म्हणजे आणखी २१ तास. एकूण झाले ५१. रोज सहा तास नाव चालवली, तर साडेआठ दिवस लागतील. आपली सुट्टी आहे एका आठवड्याची. म्हणून आपण सगळा कालवा न करता कार्कासोन ते बेझिए एवढाच, साधारण शंभर किलोमीटरचा टप्पा घेऊ.

आता विचाराल, ‘बाई, हे लॉक म्हणजे काय?’ कुलूप नव्हे! डोंगरउतारावरून पाणी धो धो वाहतं, मग तिथे नाव कशी चालणार? म्हणून कालव्याला जिन्यासारख्या पायऱ्या करतात. प्रत्येक पायरीवर पाणी अगदी सपाट. दोन पायऱ्यांच्या मध्ये दगडी भिंतींची एक खोली असते. तिला वरच्या बाजूला एक दार आणि खालच्या बाजूला एक. आपल्याला उतरायचं असेल, तर खोली आधी काठोकाठ भरलेली हवी. वरचं दार उघडतं, नाव आत जाते, दार मिटतं. मग खालच्या झडपा उघडून पाणी सोडतात. पाणी उतरतं तशी नावही खाली जाते. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की खालचं दार उघडायचं आणि पुढे निघायचं. पंप नाही, इंजिन नाही. पाण्याच्या वजनानेच सगळं काम होतं.

लॉकमध्ये प्रत्येकाला काम असतं. एकाने पुढचा दोर सांभाळायचा, दुसऱ्याने मागचा. दोर काठावरच्या खुंट्याभोवती फिरवून टोक हातात धरायचं. गाठ मात्र मुळीच मारायची नाही. का बरं? जरा डोकं चालवा. पाणी खाली चाललंय आणि दोर घट्ट बांधलेला, तर नाव दोराला लटकेल! म्हणून दोर हळूहळू सोडत राहावा लागतो. त्या वेळी गप्पा बंद. दुपारी जेवणाच्या वेळी लॉकचं काम तासभर थांबतं. मग आपणही काठाला लागायचं. जवळच्या गावातून सायकलवर जाऊन लांबच लांब पाव आणायचा, चीज, टोमॅटो आणि द्राक्षं घ्यायची, की झालं जेवण. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळेच मळे आहेत. कास्तेलनोदारी या कालव्याकाठच्या गावचा ‘कासूले’ हा पदार्थ प्रसिद्ध आहे. पांढऱ्या शेंगदाण्यांची नव्हे हं, पांढऱ्या घेवड्याची ती उसळ मातीच्या भांड्यात तासन् तास शिजवतात. मात्र त्यात मांस असतं, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं.

आता ही निळी रेघ कुणी काढली ते ऐका. १६६६ हे साल तुमच्या ओळखीचं आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिकडे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने हा कालवा खोदण्याचा हुकूम काढला. कल्पना होती पिएर-पॉल रिके याची. हा काही इंजिनीयर नव्हता. बेझिए गावचा हा माणूस मिठावरचा कर गोळा करायचा. त्याची पन्नाशी उलटली होती.

कालवा हवा होता कशाला? पुन्हा नकाशा बघा. फ्रान्सच्या एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्र. एकीकडचा माल दुसरीकडे न्यायचा तर जहाजाला सगळा स्पेन वळसा घालून जावं लागे. हा वळसा सुमारे ३००० किलोमीटरचा, शिवाय वाटेत वादळं आणि समुद्री चाचे. तुलूझची गारोन नदी अटलांटिकला मिळते. तेव्हा तुलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंत कालवा खोदला की दोन्ही समुद्र जोडले जाणार.

अनेकांना हे आधीही सुचलं होतं. अडत होतं ते पाण्यावर. मध्ये नोरूझ नावाची खिंड आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर उंच. कालव्याचं पाणी तिथून दोन्हीकडे उतरणार. मग त्या सर्वांत उंच जागी ते आणायचं कुठून? पाणी काही चढत नाही! रिकेने उत्तर शोधलं ते जवळच्या ‘काळा डोंगर’ नावाच्या डोंगररांगेत. हे डोंगर नोरूझहून उंच. तिथले झरे आणि ओढे त्याने पाटांनी एकत्र आणले आणि नोरूझपर्यंत पोचवले. उन्हाळ्यातही पाणी पुरावं म्हणून सँ फेरेऑल इथे मोठं धरण बांधलं. ते धरण आजही कालव्याला पाणी पुरवतं.

कामावर एका वेळी सुमारे बारा हजार माणसं होती. त्यात बायकाही होत्या. पाट खोदण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. हातात कुदळ, फावडी आणि टोपल्या, एवढंच साहित्य. रिके त्यांना चांगली मजुरी देई. पावसामुळे काम बंद राहिलं, सणाची सुट्टी आली, कुणी आजारी पडलं, तरी तो पगार कापत नसे. साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही! आईबाबांना वाचून दाखवा, त्यांनाही नवल वाटेल.

आपली नाव एव्हाना पुढे आली आहे. आता एक मजा. बेझिएच्या आधी ५४ किलोमीटरचा टप्पा असा आहे की त्यात एकही लॉक नाही. टेकड्यांच्या कडेकडेने, एकच उंची धरून कालवा वळणं घेत जातो. सुट्टीचा खरा आनंद इथे. कुणी चित्र काढा, कुणी बदकं मोजा, कुणी नुसते लोळा. १७८७ साली टॉमस जेफरसन, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, ते या कालव्यावर आले होते. त्यांनी आपली घोडागाडी चाकं काढून चक्क नावेवर ठेवली. कधी गाडीत बसून पुस्तक वाचायचं, कधी उतरून काठाने चालायचं, असा त्यांचा प्रवास. त्या वेळी नावा घोडे ओढत असत, त्यामुळे काठाने चालणाऱ्याला नाव गाठणं काही कठीण नव्हतं.

या टप्प्यातच मालपाचा बोगदा लागतो. लांबी सुमारे १६५ मीटर. नावांसाठी खोदलेला हा जगातला पहिला बोगदा मानतात. त्याच टेकडीच्या पोटात खाली आगगाडीचा बोगदा आहे आणि त्याखेरीज तेराव्या शतकात तळ्याचं पाणी काढून टाकायला खोदलेलं एक भुयारही आहे. एका टेकडीत तीन बोगदे! शेवटी येतो फोंसेरानचा जिना. मूळ रचनेत एकाखाली एक आठ खोल्या, आणि उतार सुमारे साडेएकवीस मीटर, म्हणजे सहा-सात मजली इमारतीएवढा. नावेत बसून जिना उतरायचा! खाली बेझिए, रिकेचं गाव. तिथे त्याचा पुतळा आहे.

पण रिकेने स्वतः पुरा झालेला कालवा पाहिला नाही. १ ऑक्टोबर १६८० रोजी तो वारला. थोडाच तुकडा बाकी होता. मे १६८१ मध्ये कालवा खुला झाला, तेव्हा नावेत त्याची मुलं होती. त्याने आपला पैसा यात ओतला होता, कर्जही काढलं होतं. ते फेडायला घरच्यांना कित्येक वर्षं लागली. १८५७ साली त्याच वाटेने आगगाडी आली आणि कालव्याचा व्यापार घटत गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस मालाच्या नावा बंदच झाल्या. उरलो आपण, सुट्टीवाले. १९९६ साली युनेस्कोने हा कालवा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

आता एक गोष्ट जरा जड मनाने सांगते. कालव्याच्या चित्रात दोन्ही काठांवर उंच झाडांची कमान दिसते. ही काश्मीरच्या चिनाराच्या कुळातली झाडं. एकोणिसाव्या शतकात लावलेली, सुमारे ४२ हजार. त्यांची मुळं काठ धरून ठेवतात, सावलीमुळे पाणी कमी आटतं. पण आपण कार्कासोनहून निघालो की थोड्याच वेळात ही कमान तुटते आणि डोक्यावर रखरखीत ऊन येतं. २००६ साली याच भागात पहिलं आजारी झाड सापडलं. रोग बुरशीचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेहून आलेल्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ही बुरशी फ्रान्सच्या दक्षिणेत शिरली असं मानतात. झाडाला जखम झाली की ती आत घुसते. पाण्याबरोबर, मुळांतून, नावांच्या घासण्याने ती पसरते. झालेला रोग बरा करणारं खात्रीचं औषध नाही. म्हणून आजारी झाड आणि त्याच्या शेजारची झाडंही तोडून तिथेच जाळावी लागतात. निम्म्याहून जास्त झाडं आतापर्यंत गेली आहेत.

म्हणून नावेत दोर सांभाळणाऱ्याला आणखी एक नियम आहे. मुक्कामाला थांबताना दोर झाडाला कधीही बांधायचा नाही. खुंटी ठोकायची आणि तिला बांधायचा. दोराने साल सोलली, की बुरशीला दार उघडलंच म्हणून समजा. एवढीशी गाठ, पण तीत दीडशे वर्षांचं झाड जाऊ शकतं.

तिथले लोक स्वस्थ बसलेले नाहीत. नवी रोपं लावणं चालू आहे, त्यासाठी लोकांनी देणग्याही दिल्या आहेत. या वेळी एकाच जातीची रांग लावलेली नाही. ओकच्या जातीची झाडं आणि आणखी काही जाती मिसळून लावतात, म्हणजे एक रोग आला तरी सगळी एकदम जाणार नाहीत. या रोपांची कमान व्हायला कित्येक दशकं लागतील. लावणाऱ्यांतल्या पुष्कळांना ती सावली मिळणार नाही. हे त्यांना ठाऊक आहे, तरी ते खड्डे खणतात.

चला, आता तुमचं काम. तुमच्या घराजवळचं, शाळेजवळचं किंवा रस्त्याकडेचं सर्वांत जुनं झाड शोधा. ते कुणी लावलं ते आजी-आजोबांना विचारा. त्याच्या बुंध्यात खिळे, तारा, दोर असं काही रुतलेलं आहे का तेही बघा. असलं, तर स्वतः उपटायला जाऊ नका, घरच्या मोठ्यांना दाखवा. आणि वहीत एक गणित सोडवा. रिकेच्या कालव्यावर सुरुवातीला प्रवासी नावेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार दिवस लागत. मग रोज सरासरी किती किलोमीटर अंतर कापलं जाई?

उत्तर पुढच्या आठवड्यात. नकाशाची वही जवळच ठेवा!

– तुमच्या बाई