ट्रेकवर लिहायचंय? मग 'मी कोण लिहिणारा?' हा प्रश्न सोडा

मुलुंड-घाटकोपरहून आसनगाव लोकल पकडून तुम्ही माहुली गड करून आलात. मोबाईलमध्ये दोनशे फोटो आहेत, पण लिहायला मन धजत नाही. "एवढे मोठे गिर्यारोहक असताना माझं कोण वाचणार?" बरोबर ना?

आता गो. नी. दांडेकर बघा. सातवीत असताना, तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्यासाठी घर सोडलं. पुढे आयुष्यभर गड फिरले आणि 'दुर्गभ्रमणगाथा' लिहिली. पदवी नव्हती, पण पायाखाली घातलेली वाट होती.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा माहुलीला निघालेल्या माणसाला एव्हरेस्टवीराचा सल्ला नको असतो. त्याचे प्रश्न साधे असतात. स्टेशनवरून पायथ्याच्या गावात कसं जायचं? पाणी किती न्यायचं? लोखंडी शिडी कुठे लागते? परतीची लोकल कधी? ही उत्तरं तुम्हाला गेल्याच रविवारी मिळालीत. हाच तुमचा माल, आणि तो ताजा आहे.

एक अट मात्र पाळा. पावसात वाट निसरडी होती, घाबरून अर्ध्यातून परत फिरलात, तर तसंच लिहा. तुमचं वाचून कुणीतरी आपल्या पोरांना घेऊन निघणार आहे. खरी हिंमत इथे लागते. उद्या तुम्ही ट्रेक न्यायला लागलात, तर लोक याच भरवशावर पैसे देतील.

आज रात्री दहा ओळी लिहा. बाकीचं लिहिता लिहिता जमतं.