फुग्यातील वायू आणि अनर्थदंड

हातकणंगले, पेठ वडगाव, इचलकरंजी या बाजारपेठांतील व्यापारी कुटुंबांत वाढदिवस असो वा नव्या पेढीचे उद्घाटन, छताला टेकून डोलणारे फुगे आता सजावटीचा भाग झाले आहेत. समारंभ आटोपला की एखादा मुलगा फुग्यातील वायू तोंडाने ओढतो, किनऱ्या आवाजात बोलतो आणि सारे हसतात. या हसण्यामागील धोका मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानी येतो.

हा वायू म्हणजे हेलियम. त्याच्या शोधाचा धागा याच भूमीशी जुळतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गाकडून या परिसरावरून सरकत गुंटूरकडे गेली. त्या ग्रहणाची निरीक्षणे आणि त्याच वर्षी नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये केलेला अभ्यास यांतून सूर्यावरील एका अज्ञात मूलद्रव्याचा माग लागला. सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून त्याला हेलियम हे नाव मिळाले.

हेलियम विषारी नाही, तो जळतही नाही. म्हणूनच निरुपद्रवी वाटतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर हेलियममध्ये सुमारे १००० मीटर असतो. त्यामुळे घशाच्या पोकळीतील आवाजाचा घुमारा बदलतो. पण हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो, शुद्ध हेलियममध्ये मुळीच नसतो. शिवाय श्वास कोंडल्याची जाणीव मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. हेलियम ओढताना तो वायू बाहेर पडतच राहतो. त्यामुळे जीव घाबरा होत नाही आणि काही श्वासांतच शुद्ध हरपू शकते. शरीर धोक्याची सूचनाच देत नाही, हेच खरे भय.

सिलिंडरला थेट तोंड लावणे तर त्याहून घातक. प्रचंड दाबाने आलेला वायू फुप्फुसे फाडतो आणि त्याचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतात. २०१२ मध्ये अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात १४ वर्षांच्या एका मुलीचा अशा रीतीने मृत्यू झाला. जानेवारी २०१५ मध्ये जपानमध्ये दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या चित्रीकरणात आवाज बदलण्याचा वायू ओढून १२ वर्षांची एक गायिका बेशुद्ध पडली.

त्यातच फुगेवाल्याकडील वायू हेलियमच असेल, याचीही खात्री नसते. स्वस्त म्हणून अनेकदा ज्वालाग्राही हायड्रोजन भरला जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये लातूर शहरात फुग्यांच्या गॅस सिलिंडरचा स्फोट होऊन विक्रेता दगावला आणि अनेक मुले जखमी झाली.

जैन आचारधर्मात निष्प्रयोजन पापाला अनर्थदंड म्हटले आहे. या व्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने कौत्कुच्य, म्हणजे थट्टेखातर केलेल्या अंगचेष्टा, आणि असमीक्ष्याधिकरण, म्हणजे परिणामाचा विचार न करता केलेली कृती, यांची गणना केली आहे. घातक साधन दुसऱ्याच्या हाती देणे हे हिंसादानही अनर्थदंडाचाच प्रकार आहे. म्हणून हा प्रश्न केवळ मुलांचा नाही. सिलिंडर विकणारा, भाड्याने देणारा आणि समारंभ करणारा श्रावकही त्याला उत्तरदायी आहे.

फुगे मोकळ्या हवेत, जाणत्या माणसानेच भरावेत. सिलिंडर मुलांपासून दूर, उभा व साखळीने बांधलेला असावा आणि काम संपताच परत पाठवावा. वायू ओढून कोणी कोसळल्यास त्याला मोकळ्या हवेत आडवे निजवावे, तोंडात पाणी घालू नये व तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असल्यास, येत असेल तर कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीदाब सुरू करावा. शुद्ध परत आली तरी डॉक्टरांची तपासणी टाळू नये.

घरात हसू हवेच. पण ज्या गंमतीला मुलाच्या श्वासाचे मोल द्यावे लागते, तिला वडीलधाऱ्यांनी हसून दाद देऊ नये.