विश्लेषण : एसयूव्हीला ‘ऑल-टेरेन’ टायर खरेच हवेत का? धाराशिवच्या रस्त्यांवर काय चालते, काय नाही?

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच आठवड्यात धाराशिव जिल्ह्यातील परंडा आणि भूम तालुक्यांत अतिवृष्टीने गावे पाण्याने वेढली गेली आणि माणसांना बाहेर काढण्यासाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. एकीकडे टायर स्वस्त, दुसरीकडे खचलेले रस्ते. अशा वेळी ‘गाडीला एकदाचे दणकट टायर टाकून घेऊ’ असे वाटणे साहजिक आहे. पण हे टायर नेमके कुठे उपयोगी पडतात आणि कुठे उलट धोका वाढवतात?

ऑल-टेरेन टायर म्हणजे काय?

एसयूव्हीच्या टायरचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. एचटी म्हणजे हायवे टायर. त्याची नक्षी बारीक असते, तो शांत चालतो आणि डांबरी रस्त्याला धरून राहतो. एमटी म्हणजे मड टायर. त्याचे रबरी ठोकळे मोठे आणि खोल असतात, त्यांच्यामध्ये रुंद फटी असतात. एटी म्हणजे ऑल-टेरेन हा या दोघांमधला. बहुतेक शोरूममधून निघणाऱ्या एसयूव्हींना एचटी टायरच असतात. थारसारख्या काही गाड्यांना मात्र कंपनीकडूनच एटी टायर मिळतात.

नाव ‘सर्व प्रकारच्या जमिनीसाठी’ असे असले तरी हा टायर म्हणजे तडजोड आहे. तो सगळीकडे बरा चालतो, सगळीकडे उत्तम नाही.

धाराशिवमध्ये हा प्रश्न वेगळा का?

कारण इथे एकाच दिवसात गाडीला तीन प्रकारची जमीन लागते. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-येरमाळा-बीड हा राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा महामार्ग ६५ यांवर गाड्या वेगाने धावतात. महामार्ग सोडला की बालाघाटच्या डोंगररांगांचा मुरूम आणि टोकदार दगड लागतात. आणि शेताकडे वळले की पाणंद रस्ता, काळी माती, बाभळीचे काटे.

मुरूम आणि दगडाच्या रस्त्यावर एटी टायरचा फायदा सरळ दिसतो. त्याचे रबर जाड असते आणि अनेक मॉडेलमध्ये बाजूची भिंतही मजबूत केलेली असते. तळाला झालेले पंक्चर निघते, पण बाजूची भिंत फाटली तर टायर बदलण्याशिवाय पर्याय नसतो. रोज खडीच्या रस्त्याने जाणाऱ्याला या एका कारणासाठीही एटी टायर परवडतो.

काळ्या मातीच्या चिखलात तो चालतो का?

इथेच अनेकांची फसगत होते. काळ्या मातीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि चाकाला चिकटून बसते. एटी टायरच्या फटी मर्यादित रुंदीच्या असतात. काळ्या चिखलात त्या थोड्याच अंतरात भरून जातात आणि नवाकोरा टायरही गोटा झाल्यासारखा घसरू लागतो. एमटी टायरच्या रुंद फटींतून चिखल फिरताना फेकला जातो, त्यामुळे तो जास्त काळ तग धरतो.

दुसरा मुद्दा फोर बाय फोरचा. अनेक एसयूव्ही प्रत्यक्षात दोनच चाकांवर ताकद देतात. अशा गाडीला कितीही चांगले टायर लावले तरी भर पावसात पाणंदीतून ती निघेलच असे नाही. तिथे आजही ट्रॅक्टरच कामाला येतो.

चिखलात किंवा भुसभुशीत मातीत हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो आणि पकड वाढते. पण डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेच्या टायरची भिंत वेगात सतत वाकते, तापते आणि फुटू शकते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असताना हा धोका आणखी वाढतो. म्हणून एटी टायरच्या आधी एक छोटा हवेचा पंप आणि प्रेशर गेज गाडीत ठेवणे जास्त शहाणपणाचे. हवा मोजायची ती टायर थंड असताना, आणि आकडा दुकानदाराच्या अंदाजाचा नव्हे तर चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा.

डांबरी रस्त्यावर काय गमवावे लागते?

एटी टायर साधारणपणे जड असतो, आवाज जास्त करतो आणि ॲव्हरेज थोडे कमी करतो. सर्वात महत्त्वाचे म्हणजे ओल्या डांबरी रस्त्यावर चांगला एचटी टायर बहुधा लवकर थांबतो. पावसात तुळजापूर घाटातून उतरताना समोर अचानक कोणी आले, तर टायरच्या दणकटपणापेक्षा ही ओली पकड महत्त्वाची ठरते.

मोठ्या मापाचे टायर टाकले तर?

एटी टायर घेताना ‘एक साईझ मोठा टाका, गाडी उठून दिसेल’ असा सल्ला हमखास मिळतो. त्याचे गणित पाहू. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर असतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ टाकला तर व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर होतो, म्हणजे ४ टक्क्यांहून अधिक वाढ. स्पीडोमीटर १०० दाखवत असेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात त्याहून सुमारे ४ किलोमीटर जास्त वेगाने धावत असते. शिवाय ब्रेक, क्लच आणि स्टिअरिंगवरचा भार वाढतो.

कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीलाही प्रश्न विचारायला जागा मिळते. त्यामुळे मूळ माप, किंवा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनीने स्वतः दिलेले माप, एवढ्यावरच थांबावे.

टायर घेताना कोणते आकडे वाचायचे?

- भार आणि वेग : मापानंतर येणारा आकडा भारक्षमता सांगतो. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो. पुढचे अक्षर वेगमर्यादेचे : ‘क्यू’ म्हणजे ताशी १६० किलोमीटर, ‘एस’ १८०, ‘एच’ २१०. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको.
- जन्मतारीख : बाजूच्या भिंतीवर चार अंक असतात. ३२२५ म्हणजे २०२५ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. ‘ऑफर’मधला टायर जुना साठा नाही ना, हे इथे कळते.
- आयएसआय चिन्ह : भारतात विकल्या जाणाऱ्या वाहनांच्या टायरवर ते आवश्यक आहे.
- झीज : नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचा. खाचांच्या तळाशी त्यासाठी छोटे उंचवटे असतात. नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की वेळ संपली.

आणि चारही टायर एकाच प्रकारचे हवेत. पुढे एचटी, मागे एटी असे केल्यास ओल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंची पकड वेगवेगळी होते. फोर बाय फोर गाडीत तर व्यासातील फरक गिअर यंत्रणेला मारक ठरतो. बजेट करताना स्टेपनीही धरावी.

जीएसटी कपातीने किती वाचतात?

करापूर्वी १० हजार रुपये किंमत असलेला टायर आधी १२,८०० रुपयांना पडत होता, आता ११,८०० रुपयांना पडतो. चार टायरमागे ४ हजार रुपये वाचतात. ट्रॅक्टरच्या टायरवरील कर तर १८ वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या आणि नव्या बिलाची तुलना करताना करापूर्वीची किंमत पाहावी, म्हणजे कपात खरोखर आपल्यापर्यंत पोहोचली का ते समजते.

पुराच्या पाण्यात दणकट टायर वाचवतात का?

नाही. हा सर्वात घातक गैरसमज आहे. वाहते पाणी गाडीला खालून उचलते, आणि उचललेल्या गाडीच्या टायरला पकडायला जमीनच उरत नाही. सुमारे एक फूट वाहते पाणी लहान कार वाहून नेऊ शकते, दोन फूट पाण्यात बहुतेक एसयूव्हीही टिकत नाहीत. पुलाखालचा भराव वाहून गेला आहे की नाही, हे तर वरून दिसतच नाही. सीना, चांदणी किंवा गावातला नेहमीचा ओढा, पुलावर पाणी असेल तर थांबणे हाच उपाय.

मग निर्णय कसा घ्यायचा?

आपल्या गाडीचे महिन्याचे किलोमीटर मोजा. दहापैकी नऊ किलोमीटर डांबरी किंवा सिमेंटचे असतील आणि शेताचा रस्ता दोन-तीन किलोमीटरचा असेल, तर चांगले एचटी टायर आणि योग्य हवा पुरेशी आहे. खडी, मुरूम आणि कच्च्या रस्त्याचा वाटा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त असेल, रोज साईटवर किंवा डोंगरातल्या वस्तीवर जावे लागत असेल, तर मूळ मापातले एटी टायर घ्यावेत. एमटी टायर रोजच्या महामार्गाच्या प्रवासासाठी नाहीत.

पाणंद रस्त्यांसाठी राज्यात २०२१ मध्ये ‘मातोश्री ग्रामसमृद्धी’ योजना सुरू झाली. ज्या गावात पाणंद पक्की होते, तिथे टायरचा हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. रस्ता नीट नाही म्हणून प्रत्येकाने आपल्या खिशातून महागडे टायर घ्यायचे, की गावाने रस्त्याचा पाठपुरावा करायचा? दुकानात जाण्याआधी या प्रश्नाचाही विचार व्हायला हवा. कारण एटी टायर फक्त एका गाडीची सोय करतो. पक्का रस्ता शेतमालाच्या टेम्पोची, शाळेच्या मुलांची आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या रुग्णवाहिकेचीही करतो.