'नाही तर' या फांदीत काय लिहिलंय?

लॉगिनचा कोड तपासायला आला की पासवर्डच्या आधी मी एक गोष्ट बघते: 'गेट' आणि 'पोस्ट' सोडून तिसरंच काही आलं तर हा कोड काय करतो? बहुतेकदा त्याचा विचारच झालेला नसतो.

ब्राउझर सर्व्हरला प्रत्येक विनंतीत पहिल्याच शब्दात हेतू सांगतो. गेट म्हणजे पान दाखव. पोस्ट म्हणजे ही माहिती घे, काम कर. अशा आणखीही पद्धती आहेत: हेड, पुट, डिलीट, ऑप्शन्स. हेड गेटसारखंच, फक्त पानाचा मजकूर नको.

या हेडनेच २०१९ मध्ये गिटहब या कोड साठवण्याच्या साइटला गाठलं. 'या ॲपला तुमच्या खात्यात येऊ द्यायचं का?' असं विचारणारं पान होतं. गेट आलं तर पान दाखवा, नाही तर परवानगी नोंदवून ब्राउझरला ॲपकडे वळवा (रिडायरेक्ट करा), एवढाच कोड. पण गिटहब ज्या रूबी ऑन रेल्स या चौकटीवर बांधलंय, ती हेडला गेटच्याच वाटेने आत घेते, बनावट विनंती रोखणारी तपासणीही त्याला लागत नाही. आणि 'हे गेट आहे का?' विचारलं की उत्तर येतं, नाही. झालं! हेड थेट 'नाही तर'मध्ये. वापरकर्त्याने बटणाला हातही न लावता परवानगी दिली गेली असती. टेडी कॅट्झ या संशोधकाने ही फट दाखवली. गिटहबने ती बुजवून त्याला २५,००० डॉलर दिले.

आमच्याकडची मुलं विचारतात, 'मॅडम, असं कोण पाठवणार?' ज्याला आत घुसायचंय तो पाठवणार. म्हणून माझा आग्रह पक्का आहे: 'नाही तर'चा अर्थ नकारच असला पाहिजे. हेडला गेटसारखं वागवा, पोस्टसाठी स्वतंत्र अट लिहा, आणि जी पद्धत त्या पानाला लागतच नाही तिला लॉगिनकडे न वळवता ४०५, म्हणजे 'ही पद्धत इथे चालत नाही', हे उत्तर देऊन परत पाठवा. पासवर्ड घेतल्यानंतरचं रिडायरेक्ट ३०३ या उत्तर-कोडनेच करा. ३०७ वापरलंत तर ब्राउझर तोच पोस्ट, पासवर्डासकट, पुढच्या साइटला देतो.

पतसंस्था, शाळा, नगरपालिका आता लॉगिन असलेल्या वेबसाइट करून घेतात. काम ताब्यात घेण्याआधी कंत्राटदाराला तुमच्यासमोर हेड आणि पुट पाठवून दाखवायला सांगा. त्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.