पेशींच्या मधली वीण

कोलॅजनची पावडर घ्यावी काय, असे अलीकडे अनेक भगिनी विचारतात. कोणी गुडघ्यांसाठी घेते, कोणी सुरकुत्यांसाठी. उत्तर देण्यापूर्वी कोलॅजन शरीरात कोठे असते आणि काय करते, हे पाहू.

शरीर पेशींचे बनलेले आहे असे आपण शाळेत शिकतो. ते अपुरे आहे. पेशींच्या मधल्या जागेत एक जाळे असते. पेशीच ते विणतात आणि त्यातच राहतात. त्याला पेशीबाह्य आधारद्रव्य म्हणतात. कोलॅजनचे बळकट तंतू, इलॅस्टिनचे लवचिक तंतू आणि पाणी धरून ठेवणारे पदार्थ हे त्याचे मुख्य घटक. हाडे, कूर्चा आणि त्वचेचा आतला थर यांत पेशी थोड्या, हे द्रव्यच अधिक. शरीरातील प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के एकटे कोलॅजन असते.

हे जाळे एकदा विणले म्हणजे संपले असे नाही. त्याची उकल आणि नवी वीण अखंड चालते. १७४० साली इंग्रज नौदलाचे जॉर्ज ॲन्सन जहाजांचा ताफा घेऊन निघाले आणि पुढे पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. ताज्या फळभाज्यांवाचून त्यांच्या खलाशांना स्कर्व्ही जडला. त्या सफरीच्या वृत्तांतात एका वृद्धाची नोंद आहे. १६९० च्या बॉइनच्या लढाईत झालेल्या त्याच्या जखमा पन्नास वर्षांनी पुन्हा उघडल्या. कधीकाळी सांधलेले हाडही सुटले. जुना वणसुद्धा शरीर रोज नव्याने विणत असते, म्हणूनच हे घडले. कोलॅजनचे तीन धागे पिळून एक दोर होतो आणि तो पीळ टिकण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. १७४७ साली जेम्स लिंड यांनी बारा रुग्णांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले.

आता पावडरीविषयी. ती सामान्यतः जनावरांची कातडी व हाडे किंवा माशांची त्वचा व खवले यांपासून काढतात. वनस्पतींत कोलॅजन नसतेच. तेव्हा शाकाहारी घराने डब्यावरील बारीक अक्षरे वाचणे अगत्याचे. शिवाय गिळलेले कोलॅजन पचनात तुटते. ते जसेच्या तसे गुडघ्यात जाऊन बसत नाही. डाळी, दूध, दही यांतील प्रथिने आणि आवळा, पेरू, लिंबू यांतील क जीवनसत्त्व यांवर शरीर स्वतःचे कोलॅजन घडवते. लिंबू मात्र आमटी उतरवल्यावर पिळावे. उष्णतेने हे जीवनसत्त्व घटते.

कोलॅजन जितके अधिक तितके बरे, असेही नाही. यकृताला वारंवार इजा झाली की दुरुस्तीसाठी तेथे कोलॅजन रचले जाते. इजा थांबली नाही तर रचणेही थांबत नाही. मऊ यकृत कठीण होत जाते आणि शेवटी सिरोसिस होतो. मद्याला कोणी शिवत नाही अशा घरांतही मधुमेह आणि सुटलेले पोट यांच्या जोडीने हे घडते, आणि दीर्घकाळ काहीही दुखत नाही. फायब्रोस्कॅन ही तपासणी यकृताचा कठीणपणा सुईवाचून मोजते. अहवालातील किलोपास्कलचा आकडा तोच. वेळेत लक्षात आले आणि वजन उतरले तर ही जास्तीची वीण बऱ्याच अंशी उकलू शकते. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ असे लिहून आले असेल, तर या तपासणीची गरज आहे काय हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.