वाळवंटाकाठची बाग



गेल्या आषाढात आमच्या उंब्रजच्या शाळेत एक पाहुणा आला. पाहुणा कसला, आमचाच जुना विद्यार्थी! दुसरीपर्यंत माझ्या वर्गात होता, मग वडिलांच्या नोकरीमुळे सौदी अरेबियात जेद्दाला गेला. सुट्टीत आजीकडे आला आणि थेट वर्गात हजर झाला. बाहेर धो धो पाऊस, आणि हा पठ्ठ्या मोबाईलवर आम्हाला वाळवंट दाखवत होता!

पहिल्या फोटोत नुसती वाळू अन् उघडेबोडके डोंगर. गवताची काडी नाही. दुसरा फोटो त्याच किनाऱ्याचा, पण तांबड्या समुद्राच्या पाण्याखालचा. जांभळी झुडपं, पिवळ्या जाळ्या, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे गोळे आणि त्यांतून भिरभिरणारे नारिंगी मासे. सगळा वर्ग एकदम "आऽऽ" म्हणाला.

त्याचे वडील पाठीवर टाकी बांधून खाली उतरले होते. यालाच स्कूबा म्हणतात. हा मात्र तोंडात नळी धरून वरूनच तरंगत बघत होता. "टाकीत ऑक्सिजन असतो ना?" कुणीतरी विचारलं. "नाही, आपलीच साधी हवा, दाबून भरलेली. आणि खाली गेल्यावर श्वास कध्धीच रोखायचा नाही!" त्याने ऐटीत सांगितलं. खरंच आहे ते. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. तिथे छातीत भरलेली हवा कोंडून वर आलात, तर ती दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुसाला इजा होते.

इतक्यात चौथीतली एक मुलगी उठली. "बाई, जिथं वर काहीच उगवत नाही, तिथं पाण्यात बाग कशी?" मी उत्तराला तोंड उघडणार, तोच तिने माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं. "आणि तुमचं पोवळं पांढरं का?"

टेबलावर पांढऱ्या प्रवाळाचा एक तुकडा असायचा. त्याचं नंतर सांगते. आधी पहिला प्रश्न.

मी काचेच्या दोन बरण्या मागवल्या. दोन्हींत नळाचं पाणी भरलं. एकीत शेतातली मूठभर माती टाकून ढवळली. मग खिडक्या लावून दोन्हींतून बॅटरीचा झोत सोडला. स्वच्छ पाण्यातून भिंतीवर लख्ख उजेड पडला. मातीच्या पाण्यातून? जवळजवळ काहीच नाही.

हेच तर गुपित आहे! ती बाग झाडांची नसतेच मुळी. प्रवाळ हा प्राणी आहे. इवलासा, मऊ अंगाचा. तो स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो, आणि असे हजारो-लाखो जीव शेजारी शेजारी राहिले की त्यांची वसाहत होते. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि आपल्या घरमालकालाही देतं. म्हणजे भाडं म्हणून रोज जेवणाचा डबाच की! पाणी गढूळ झालं तर उजेड पोचत नाही आणि डबा बंद होतो. वर गाळ अंगावर साचून जीव गुदमरतो तो वेगळाच.

आता आपली कृष्णा अन् तारळी आठवा. उंब्रजला त्या भेटतात, तेव्हा पावसाळ्यात पाण्याचा रंग कसा असतो? चहासारखा! तांबड्या समुद्राला मात्र बारमाही नदी एकही मिळत नाही आणि पाऊसही नावापुरताच. म्हणून तिथलं पाणी आरशासारखं. जमिनीचं दुर्दैव तेच प्रवाळाचं सुदैव!

मग आपल्या कोकणात प्रवाळ नाहीत का? आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर आहेत. 1987 साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. मालवण-तारकर्लीला लोक स्कूबासाठी जातात, पण पावसाळ्यात नाही. नद्यांच्या गाळाने पाणी गढुळतं आणि समुद्रही खवळलेला असतो. आणखी एक जागा आहे आंग्रिया बँक. किनाऱ्यापासून शंभरावर किलोमीटर आत, पाण्याखालचं विस्तीर्ण पठार. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेलं! एवढ्या दूर नद्यांचा गाळ पोचत नाही, म्हणून तिथे प्रवाळ आहेत.

आता दुसरा प्रश्न. समुद्र फार तापला की प्रवाळ अंगातलं शेवाळ बाहेर टाकतो. रंग बहुतेक त्या शेवाळाचा, म्हणून तो पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवलं तर सावरतो, नाहीतर उपासमारीने मरतो. 1998, 2010 आणि 2016 साली लक्षद्वीपमध्ये असंच झालं होतं.

आणि माझा तुकडा? तो नुसता सांगाडा होता. डी.एड.ला असताना सहलीत एका हातगाडीवरून मी तो हौसेने विकत घेतला होता. "शोभेचा दगड" म्हणून. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की 2001 सालापासून कायद्याने अशा प्रवाळांना वाघाइतकंच संरक्षण आहे. काही प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. म्हणजे माझ्या तळहाताएवढ्या तुकड्यासाठी कुणीतरी कितीतरी वर्षांचं घर मोडलं होतं, आणि त्याचे पैसे मी दिले होते.

मी वर्गाला हे सगळं सांगितलं. मुलं गप्प झाली. मग तीच मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही मुद्दाम नाही केलं." पण चूक ती चूकच. त्या शनिवारी मी तो तुकडा वनखात्याच्या कार्यालयात नेऊन दिला.

तुम्ही कधी मालवणला गेलात, पाण्यात उतरलात, तर डोळे भरून बघा. प्रवाळावर पाय ठेवू नका, हात लावू नका, काही उचलू नका. आणि बाजारात कुणी असा तुकडा पुढे केला, तर नको म्हणा.

माझ्या टेबलावर आता त्या जागी दोन बरण्या आहेत. तुम्हीही घरी करून बघा. किती मातीला भिंतीवरचा उजेड नाहीसा होतो? एकेक चमचा टाकत मोजा आणि मला पत्राने कळवा.

तुमच्या,
बाई