टोपीखालचा धर्म

गोव्यातल्या हणजूणच्या बाजारात लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांची विणलेली टोपी मिळते. तिच्या कडेला काळ्या लोकरीच्या जटा शिवलेल्या असतात. शेजारीच बॉब मार्लेचा टी-शर्ट, त्यावर गांजाचे पान. रास्ताफारी या धर्माशी आपल्याकडच्या बहुतेकांची ओळख इथे सुरू होते आणि इथेच संपते. केस वाढवावेत, धूर काढावा, रेगे ऐकावे आणि कामधंद्याला रामराम ठोकावा, अशी ही जमैकातली एक चैन आहे, असा सुशिक्षितांचाही समज असतो. जरा जास्त वाचलेला माणूस पुढे आणखी एक पुस्ती जोडतो: इथिओपियाच्या ज्या सम्राटाला हे लोक देव मानतात, त्याने स्वतःच आपण देव नसल्याचे सांगितले होते, मग हा धर्म कसला, ही तर फसगत!

या पुस्तीपासूनच सुरुवात करू, कारण टोपी आणि टी-शर्टपेक्षा तिच्यात दम आहे.

2 नोव्हेंबर 1930 रोजी अदिस अबाबात रास तफारी मकोनेन याचा ‘हैले सेलासी पहिला’ या नावाने राज्याभिषेक झाला. ‘रास’ ही पदवी, ‘तफारी’ हे नाव; धर्माचे नाव त्यावरूनच पडले. ब्रिटनच्या राजाने या सोहळ्याला आपला मुलगा पाठवला होता. जमैका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. तिथल्या काळ्या मजुराचे पणजोबा गुलाम होते. गुलामगिरी संपवताना ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली होती, पण ती मळेवाल्यांना. गुलामांच्या हाती छदामही पडला नाही. बायबल त्याला मालकाच्या धर्मातूनच मिळाले होते आणि त्यातला देव चित्रांत गोरा होता. अशा माणसाने वर्तमानपत्रात काय पाहिले? एक काळा सम्राट, ‘यहूदाचा सिंह’ अशी बायबलमधली बिरुदे मिरवणारा, सॉलोमन आणि शेबाची राणी यांचा वंशज म्हणवणारा. ज्या देशाने 1896 मध्ये अडवा इथे इटलीच्या सैन्याला धूळ चारली त्या देशाचा राजा, आणि त्याच्या दरबारात गोऱ्या राजाचा मुलगा पाहुणा. जमैकातल्या लिओनार्ड हॉवेल या प्रचारकाने या सम्राटाची चित्रे विकत गावोगाव प्रवचने सुरू केली. वसाहत सरकारला त्यातला धोका नेमका कळला. 1934 मध्ये हॉवेलवर राजद्रोहाचा खटला भरून त्याला दोन वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. निव्वळ खुळचटपणावर कोणी राजद्रोहाचा खटला भरत नाही.

सम्राटाने देवत्व नाकारले, हे खरेच आहे. 1967 साली कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेला दिलेल्या मुलाखतीत त्याने आपण मर्त्य माणूस असल्याचे स्पष्ट सांगितले. तो स्वतः इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा निष्ठावान अनुयायी होता. 1970 मध्ये त्याच चर्चचा धर्मगुरू जमैकात कामाला आला. मार्लेनेही मृत्यूच्या आदल्या वर्षी, 1980 मध्ये, त्या चर्चचा बाप्तिस्मा घेतला. आक्षेपकाच्या बाजूने आणखीही भर घालता येईल. काळ्यांच्या चळवळीचा नेता असलेल्या ज्या मार्कस गार्वीला रास्ता लोक प्रेषित मानतात, त्यानेच इटलीच्या दुसऱ्या आक्रमणानंतर देश सोडून गेलेल्या या सम्राटावर जहरी टीका केली होती. 1973 च्या वोलो प्रांतातल्या दुष्काळात हजारो माणसे मेली, तेव्हा त्याचे सरकार ते झाकण्यात गुंतले होते. पुढच्याच वर्षी त्याला पदच्युत करण्यात आले आणि 1975 मध्ये तो मेला.

एवढे सगळे मान्य केले तरी त्यातून आक्षेपकाचा निष्कर्ष निघत नाही. श्रद्धा फक्त त्या एका माणसावर उभी असती, तर 1975 नंतर ती मोडून पडली असती. प्रत्यक्षात त्यानंतरही ती जमैकाबाहेर पसरतच राहिली. सेलासी नेमका कोण, यावर रास्तांमध्येच एकमत नाही. न्याबिंगी परंपरेतल्या अनेकांसाठी तो साक्षात देव. ‘ट्वेल्व्ह ट्राइब्स ऑफ इस्राएल’ या पंथातले अनेकजण ख्रिस्तालाच केंद्रस्थानी ठेवून सेलासीला दाविदाच्या वंशातला राजा मानतात. आणखी काहींच्या मते देवत्व प्रत्येक माणसातच आहे, सम्राट ही त्याची एक खूण. सगळ्यांना जोडणारा धागा असा, की देव काळ्या माणसाच्या बाजूने इतिहासात उतरतो आणि ज्या व्यवस्थेने त्याला गुलाम केले ती ‘बॅबिलॉन’ कोसळणार आहे. ही श्रद्धा कोणाला पटेल, कोणाला नाही. तिला फसगत म्हणायचे, तर संस्थापकाच्या शब्दापलीकडे गेलेल्या जगातल्या किती धर्मांना तीच मोजपट्टी लावणार?

आता गांजा. रास्तांच्या ‘रीझनिंग’ नावाच्या बैठकीत तो प्रार्थना करून ओढला जातो. त्या बैठकीत धर्मचर्चा, बायबलवाचन आणि वादविवाद चालतो. सगळेच रास्ता ओढतात असे नाही. हेच लोक ‘आयटल’ आहार पाळतात: डुकराचे मांस वर्ज्य, कडक पाळणाऱ्यांना सगळेच मांस वर्ज्य, मीठही शक्यतो नको, आणि दारूला बहुतेकांचा विरोध. व्यसनी माणसाचे हे वेळापत्रक नव्हे. जमैकाच्या संसदेने 2015 मध्ये कायदा बदलून रास्तांचा गांजाचा धार्मिक वापर मान्य केला.

इथे एक देशी आक्षेप पुढे येतो, तो कौतुकाच्या रूपात. गांजा आपला, चिलीम आपली, जटा आपल्या साधूंच्या, तेव्हा हा धर्मही मुळात आपलाच! यातला पहिला भाग खरा आहे. 1845 पासून हिंदुस्थानी कंत्राटी मजूर जमैकात गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, आणि गांजा व चिलीम हे दोन्ही शब्द तिथे रुजले. हॉवेलने ‘द प्रॉमिस्ड की’ ही पुस्तिकाही ‘मराघ’ अशा, ‘महाराज’वरून घेतलेल्या वाटणाऱ्या टोपणनावाने काढली. पण त्या पुस्तिकेतला मजकूर उघडून पाहावा: तिथे आहे इथिओपियाचा राजा आणि बायबल, आणि त्यातला बराचसा भाग तर फिट्झ बॅलिंटाइन पेटर्सबर्ग या काळ्या धर्मोपदेशकाच्या आधीच्या ग्रंथातून उचललेला. केसांचा आधार रास्ता देतात तो बायबलच्या गणना या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायाचा, जिथे व्रतस्थाने डोक्याला वस्तरा लावू नये असे म्हटले आहे. आपल्याकडे बाईच्या केसांत गुंता झाला की देवीची जट आली म्हणून ती धास्तावते. रास्ता ठरवून, नोकरी गेली तरी चालेल म्हणून केस राखतो. साहित्य उसने घेतले म्हणजे विचारही उसना ठरत नाही.

भाषेची टिंगल तर सर्रास होते. हे मोडके इंग्रजी आहे म्हणतात. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या व्हेल्मा पोलार्ड यांनी या बोलीचा रीतसर अभ्यास केला, आणि त्यात मोडतोड कमी, हिशेब जास्त दिसतो. ‘ऑप्रेस’ या शब्दात कानाला ‘अप’ ऐकू येते आणि जुलूम तर माणसाला खाली दाबतो, म्हणून रास्ता म्हणतो ‘डाउनप्रेस’. ‘डेडिकेट’मध्ये ‘डेड’ आहे, म्हणून ‘लिव्हिकेट’. ‘मी आणि तू’ऐवजी ‘आय अँड आय’, कारण बोलणारा आणि ऐकणारा या दोघांतही तोच देव. मालकाने लादलेली भाषा मालकाच्या अर्थाने बोलायची नाही, हा तिचा आग्रह आहे.

हा धर्म गोऱ्यांचा द्वेष करतो, हा आरोप हॉवेलच्या सुरुवातीच्या शिकवणीपुरता टिकतो. पुढे ‘ट्वेल्व्ह ट्राइब्स’ने सर्व वर्णांना दार उघडले. मार्लेचे वडील गोरे होते आणि त्याच्या 1976 च्या ‘वॉर’ या गाण्याचे शब्द सेलासीने 1963 मध्ये संयुक्त राष्ट्रांत केलेल्या वंशभेदविरोधी भाषणातून आले आहेत.

एक आक्षेप मात्र खोडता येत नाही, खोडूही नये. बायकांच्या बाबतीत हा धर्म बॅबिलॉनच्या फारसा पुढे गेलेला नाही. डोके झाका, पुरुषाच्या मार्गाने चाला, आणि बोबो पंथात पाळीच्या दिवसांत वेगळे राहा. यावर रास्ता स्त्रियांनीच आवाज उठवला. 1984 मध्ये सिनेटमध्ये गेलेल्या बार्बरा ब्लेक-हॅना या जमैकाच्या संसदेतल्या पहिल्या रास्ता. पत्रकार आणि लेखिका असलेली एक स्त्री तिथे आधी पोहोचली, हे पंथातल्या बुजुर्गांनी लक्षात ठेवावे.

आणि चैनीचा हिशेब कोणी मांडणार असेल, तर त्यात 1963 चा गुड फ्रायडेही धरावा. माँटेगो बेजवळ कोरल गार्डन्स इथे आदल्या दिवशी मूठभर दाढीवाल्यांनी पेट्रोल पंप जाळला आणि त्या चकमकीत आठजण मेले. त्यानंतर पोलीस आणि लष्कराने परिसरातल्या शेकडो निरपराध रास्तांना पकडले, मारले, त्यांचे केस कापले. पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी संसदेत त्याची माफी मागितली ती 2017 मध्ये, चोपन्न वर्षांनी.